सेन्सर बदलण्याआधी गाडी सरळ चालवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षांची, ६८ हजार किलोमीटर चाललेली छोटी गाडी. दोन महिन्यांपूर्वी बॅटरी बदलली. तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे आर्म) आणि टाय रॉड एंड (स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची टोकं) नवे टाकले, चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. तेव्हापासून आंबा घाटात उजवीकडच्या वळणांवर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकतो, ॲक्सिलरेटर दाबून उपयोग होत नाही आणि डाव्या बाजूनं कुणी गाडी धरून ठेवल्यासारखं वाटतं. अशी दोन-तीन वळणं झाली की दिवा पेटलेलाच राहतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की जातो. गॅरेजमधल्या स्कॅनरवर सी-००५१-६४ हा कोड आला आणि ‘स्टेअरिंग अँगल सेन्सर गेलाय, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, १८ हजार,’ असं सांगितलं. बदलू का?

आज बदलू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला सेन्सरपेक्षा अलाइनमेंटवर जास्त संशय आहे, आणि तो खरा की खोटा हे अर्ध्या तासात, एकही पैसा न घालवता कळतं. मात्र ते होईपर्यंत घाटात जाऊ नका. का, ते पुढे येईल.

मी २२ वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो. सुरुवातीला आमच्याकडे सेल्फ, डायनॅमो आणि वायरिंगची कामं असायची. ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की स्वतःहून सावरणारी प्रणाली (तुमचा पिवळा दिवा तिचाच), असलेल्या गाड्या म्हणजे मोठ्या लोकांच्या गाड्या. आता भारत एनसीएपीत, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, तीन तारे किंवा त्यापेक्षा जास्त हवे असतील तर गाडीत ईएससी असावंच लागतं, त्यामुळे छोट्या गाड्यांतही ते सर्रास आलंय. गाड्या आल्या, पण त्यांची तपासणी कशी करायची हे शिकायला गॅरेजवाल्या पोरांना कुणी वेळ दिला नाही. स्कॅनरवर ज्या पार्टचं नाव येतं तो पार्ट बदलायचा, एवढंच त्यांना माहीत असतं. त्यांच्यावर राग नाही माझा, पण गिऱ्हाईक त्यात भरडलं जातं.

आधी कोड नीट वाचू या. सी-००५१ म्हणजे स्टेअरिंगच्या स्थितीचा सेन्सर. त्याच्या पुढचे दोन आकडे बरेच जण वाचतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. ६४ चा अर्थ असा की सिग्नल मिळतोय, पण तो पटण्यासारखा नाही. त्या जागी ५४ असता तर झिरो, म्हणजे ‘स्टेअरिंग सरळ’ ही जागा, सेट केलेला नाही असा अर्थ झाला असता. सेन्सरकडून निरोपच येत नसेल तर बहुधा यू-०१२६ दिसतो, आणि निरोप येतोय पण त्यातली माहितीच अवैध आहे असं असेल तर यू-०४२८. म्हणजे तुमच्या गाडीतला सेन्सर जिवंत आहे. तो सांगतोय ती गोष्ट ईएससीच्या मोड्यूलला (त्याच्या कॉम्प्युटरला) बाकीच्या पुराव्यांशी जुळताना दिसत नाहीये. अशा वेळी चूक सांगणाऱ्याची असू शकते, बाकीच्या पुराव्यांची असू शकते, किंवा दोघंही बरोबर असून मधलं काहीतरी वाकडं असू शकतं.

हे पुरावे कोणते? ईएससीला एकच गोष्ट ठरवायची असते: ड्रायव्हरला गाडी जिकडे न्यायचीय, तिकडे ती चाललीय का? ड्रायव्हरची इच्छा त्याला स्टेअरिंग अँगल सेन्सर सांगतो. गाडी प्रत्यक्षात किती वेगानं वळतेय हे यॉ सेन्सर सांगतो, आडवा जोर किती पडतोय हे जी-सेन्सर सांगतो, आणि चारही चाकांचे वेग एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या प्रणालीच्या) व्हील स्पीड सेन्सरकडून येतात. इच्छा आणि हकीकत यांत फरक पडला की मोड्यूल इंजिनची ताकद कापतं आणि एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणतं. बॉशनं १९९५ मध्ये ही प्रणाली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत छोटी ए-क्लास गाडी उलटली आणि मर्सिडीजनं त्या गाडीत ती सरसकट बसवली. तेव्हापासून प्रणाली खूप सुधारली, पण मूळ हिशेब तोच आहे.

तो हिशेब आकड्यांत मांडतो, कारण तुमचा सगळा दोष त्यात दिसतो. समजा तुमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर आहे आणि स्टेअरिंगचं प्रमाण १५ ला १, म्हणजे स्टेअरिंग १५ अंश फिरवलं की पुढची चाकं १ अंश वळतात. ताशी ५० किलोमीटरला तुम्ही स्टेअरिंग ३० अंश उजवीकडे फिरवलंत. चाकं २ अंश वळली. अशा वेळी गाडी ढोबळमानानं सेकंदाला ९ ते ११ अंश वळायला हवी.

आता समजा अलाइनमेंट करणाऱ्यानं टाय रॉड असे बसवले की गाडी सरळ जाताना स्टेअरिंग १० अंश डावीकडे राहतं. सेन्सरचा झिरो जुनाच आहे. तुम्ही खऱ्या सरळ रेषेपासून ३० अंश उजवीकडे गेलात, पण सेन्सरच्या हिशेबानं तुम्ही फक्त २० अंशांवर आहात. मोड्यूलला वाटतं, ड्रायव्हरला सेकंदाला ६-७ अंश वळायचंय, गाडी मात्र ९-१० अंशांनी वळतेय. म्हणजे मागची बाजू निसटतेय! मग ते बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं. उजव्या वळणावर बाहेरचं पुढचं चाक म्हणजे डावं. ‘डाव्या बाजूनं धरल्यासारखं’ हे तुमचे शब्द मी वाचले तेव्हाच मला हे चित्र दिसलं.

आणि म्हणूनच घाट टाळा म्हणतोय. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो. उजव्या वळणावर तुमच्या डाव्या हाताला रस्त्याची बाहेरची कड असते, आणि गाडी गरज नसताना तिकडेच ओढली जातेय. पावसात, कडेला गाळ आलेला असताना हे फार वाईट ठरू शकतं. बऱ्याच गाड्यांत ईएससी ऑफचं बटण असतं, पण नुसतं दाबल्यावर अनेकदा फक्त ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच गरगरू न देणारा भाग) बंद होतं आणि बाकीचं चालू राहतं. त्या बटणाच्या भरवशावर घाट उतरू नका.

लुकलुकणारा दिवा आणि स्थिर दिवा यांतला फरकही इथे समजून घ्या. लुकलुकतोय तेव्हा ईएससी काम करतंय, त्याला सगळं ठीक वाटतंय. पेटून स्थिर राहतो तेव्हा त्यानं स्वतःला बाजूला केलंय. तुमच्याकडे आधी लुकलुक आणि मग स्थिर, असा क्रम आहे. म्हणजे मोड्यूल दोन-तीन वळणं त्या आकड्यावर विश्वास ठेवतं, मग सरळ रस्त्यावरही आकडे जुळत नाहीत असं दिसल्यावर हात वर करतं. गाडी बंद-चालू केली की पुन्हा नव्यानं विश्वास. सेन्सर आतून तुटलेला असता तर त्यानं डावं-उजवं असा भेद केला नसता. एकाच बाजूच्या वळणांवर त्रास होतो तेव्हा मी सर्वांत आधी झिरो सरकलाय का ते बघतो.

आता तुम्ही स्वतः करायची तपासणी. चारही टायरची हवा सारखी करून घ्या, आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत ना ते बघा. एखादं वेगळ्या मापाचं किंवा फार झिजलेलं टायर असेल तर त्या चाकाचा वेग वेगळा येतो आणि गाडी सरळ असतानाही मोड्यूलला ती वळल्यासारखी वाटते. मग सपाट जागा शोधा. हे महत्त्वाचं आहे, कारण आपले दुपदरी रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते केलेले असतात. डाव्या बाजूनं जाताना गाडी हळूहळू डावीकडे सरकते आणि आपण नकळत स्टेअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवतो. त्याच रस्त्यानं उलट जाऊन फायदा नाही, तिकडेही तुम्ही डावीकडेच असता. मोकळं मैदान, एमआयडीसीतला रुंद सपाट रस्ता सुटीच्या दिवशी, असं काहीतरी बघा आणि त्याच पट्ट्यावरून दोन्ही दिशांनी जा.

स्टेअरिंगच्या वरच्या टोकाला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्याच्या समोर स्टेअरिंगमागच्या कॉलमच्या (दांड्याच्या) कव्हरवर दुसरा. ताशी ३०-४० नं सरळ जा. गाडी सरळ जातेय आणि दोन पट्ट्या समोरासमोर नाहीत, तर कडेवरचं अंतर मोजा. साधारण मापाच्या स्टेअरिंगला कडेवर ३ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ १० अंश. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक मी सोडून देतो. दोनच्या पुढे असेल तर गाडी आधी अलाइनमेंटला परत न्या, स्कॅनर नंतर.

तिथे काय सांगायचं तेही लिहितो, कारण इथे एक हमखास जुगाड होतो. स्टेअरिंग वाकडं दिसतंय म्हटलं की काही जण स्टेअरिंगच काढतात आणि एक-दोन दाते सरकवून सरळ बसवतात. डोळ्यांना सरळ दिसतं, गिऱ्हाईक खूश. पण बऱ्याच गाड्यांत सेन्सर स्टेअरिंगच्या खाली शाफ्टवर बसलेला असतो. स्टेअरिंग सरकवलं, शाफ्ट होता तिथेच राहिला, सेन्सर अजून १० अंश डावीकडेच सांगतोय. वर रॅक, म्हणजे टाय रॉडना डावी-उजवीकडे ढकलणारी दातेरी पट्टी, मध्यावर नाही ती नाहीच. एका बाजूला स्टेअरिंग जास्त फिरतं, दुसऱ्या बाजूला कमी. आणि एअरबॅग काढण्याची जोखीम फुकटची. बरोबर पद्धत अशी की स्टेअरिंग सरळ करून पट्ट्यानं किंवा स्टँडनं लॉक करायचं आणि दोन्ही टाय रॉड सारख्याच मापानं, एक आत तर एक बाहेर, फिरवून चाकं सरळ आणायची. एकूण टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती तिरपी आहेत ते माप) तेवढाच राहतो, फक्त मध्य जागेवर येतो. आधी कुणी स्टेअरिंग काढलं होतं का, हे मात्र नक्की विचारा. काढलं असेल तर पहिल्यांदा ते मूळ खुणेवर आणावं लागेल.

हे सगळं झाल्यावर स्कॅनर. फोनला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल इथे बहुधा कामाचा नाही. तो इंजिनाचे कोड वाचतो, एबीएस-ईएससीच्या आत जात नाही. गाडीच्या सगळ्या मोड्यूलमध्ये जाणारा आणि लाइव्ह डेटा (सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे) दाखवणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. कोड पुसू नका म्हणून आधीच बजावून ठेवा. कोडसोबत त्या क्षणाचे आकडे साठवलेले असतात: वेग किती होता, अँगल किती, व्होल्टेज किती. पुसले की तो पंचनामा गेला.

लाइव्ह डेटात स्टेअरिंग अँगल, यॉ रेट, आडवा जोर आणि चार चाकांचे वेग एकाच पानावर घ्या. सरळ चालताना अँगल शून्याच्या आसपास, दोन-तीन अंश इकडेतिकडे, यॉ आणि आडवा जोर जवळजवळ शून्य. तुमच्या गाडीत अँगल ८-१० दिसला आणि बाकीचे दोन शून्य असले, तर माझा अंदाज बरोबर. उलट अँगल शून्य आणि यॉ सेन्सर उभ्या गाडीतसुद्धा सेकंदाला दोन-तीन अंश वळण दाखवत असेल, तर गुन्हेगार दुसराच आहे आणि स्टेअरिंगची असेंब्ली बदलून काही होणार नाही. डावीकडे अधिक की उजवीकडे अधिक, हे कंपनीगणिक बदलतं. चिन्ह बघून घाबरू नका, स्टेअरिंग हलवून एकदा ओळखून घ्या.

मग गाडी उभी, इंजिन चालू. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, एका लयीत फिरवा आणि आकड्याऐवजी आलेख बघा. रेघ तिरकी आणि अखंड हवी. दोन्ही टोकांचे आकडे साधारण सारखे हवेत. एकीकडे ५२० आणि दुसरीकडे ४९० आलं तर मध्य सरकलाय. परत सरळ आणल्यावर पहिला आकडाच यायला हवा. आणि ज्याला मी खराब सेन्सर म्हणेन त्याची खूण अशी: रेघ चढत असते, ४२, ४५, ४८, आणि अचानक १९०, मग परत ५४. दर वेळी त्याच जागी. किंवा काही अंश आकडा थिजलेला राहतो आणि मग उडी मारतो. हा आकडा सेकंदाला साधारण १०० वेळा मोड्यूलकडे जातो. माणसाचा हात शंभराव्या भागात दीडशे अंश फिरवू शकत नाही, हे मोड्यूललाही कळतं.

अशी उडी का येते? आजच्या बऱ्याच सेन्सरांत शाफ्टबरोबर एक मोठं दातेरी चाक फिरतं आणि ते दोन छोटी चाकं फिरवतं. त्या दोन छोट्यांच्या दात्यांची संख्या किंचित वेगळी असते आणि प्रत्येकात चुंबक असतो. घड्याळाचे दोन काटे एकमेकांच्या संदर्भात कुठे आहेत यावरून आपण वेळ सांगतो, तसं ही दोन चाकं एकमेकांच्या संदर्भात कुठे आहेत यावरून स्टेअरिंग कितव्या फेऱ्यात, किती अंशांवर आहे हे कळतं. एक दाता झिजला किंवा तुटला की त्या जागी हिशेब चुकतो. दुसऱ्या प्रकारात खाचांची चकती आणि प्रकाश असतो. तिथे धूळ किंवा ग्रीस गेलं की रेघ तुटते. ज्या गाड्यांत पॉवर स्टेअरिंगची मोटर कॉलमवर आहे, त्यांतल्या काहींत हा सेन्सर त्याच युनिटच्या पोटात असतो. वेगळा सुटा मिळत नाही. ‘पूर्ण असेंब्ली’ म्हणतात ते कदाचित त्यामुळेच.

उडी दिसली तरी लगेच पार्ट मागवू नका, आधी वायरिंग. सेन्सरच्या कपलरला (वायर जोडायच्या प्लगला) बहुतेक वेळा चार वायर असतात: करंट, अर्थ (अर्थिंगची वायर), आणि कॅन हाय व कॅन लो, म्हणजे मोड्यूल एकमेकांशी बोलतात ती वायरची जोडी. पिवळा कपलर एअरबॅगचा असतो. त्याला हात लावू नका, त्यात मल्टिमीटर तर कधीच घालू नका. मीटरच्या बारीक करंटनंही एअरबॅग फुटू शकते. स्टेअरिंगवरचं काम म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह काढून, कंपनीनं सांगितलेली मिनिटं थांबूनच. स्वतः करू नका, ज्याला सवय आहे त्याच्याकडून करून घ्या.

करंटच्या वायरवर व्होल्टेज बॅटरीइतकं हवं. अर्थचं मोजमाप गाडी चालू ठेवून, सेन्सरची अर्थ वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये करायचं, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. नुसता टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे अर्थ चांगला, असं होत नाही. कॅनच्या दोन वायरमध्ये, बॅटरी काढून, ६० ओहम यायला हवेत. ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर बहुतेक गाड्यांत हे मोजता येतं. १२० आले तर एका टोकाकडचा रेझिस्टर लाइनमध्ये नाही, शून्याजवळ आले तर दोन वायर कुठेतरी चिकटल्यात. तुमच्या कोडवरून कॅन ठीक असावी, पण दोन मिनिटांचं काम आहे.

अर्थिंगवर मी इतका का अडून बसतो ते सांगतो. आमच्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. त्या पुरांत बुडालेल्या पुष्कळ गाड्या नंतर धुऊनपुसून विकल्या गेल्या. अशीच एक गाडी माझ्याकडे आली. मालक दुसऱ्या जिल्ह्यातला, पुराबद्दल त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. ईएससीचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. दोन गॅरेजांत मिळून दोन वेळा सेन्सर बदलून झाला होता. मीही पहिल्या दिवशी लाइव्ह डेटा बघून, उड्या दिसतायत म्हणून, सेन्सरलाच दोष दिला असता. पण बाहेर ऊन असताना आणि एसी, ब्लोअर, हेडलाइट चालू केल्यावरच उड्या येत होत्या, बंद केल्यावर रेघ सरळ. लोड वाढला की बिघडतं, हे अर्थिंगचं लक्षण. डाव्या बाजूचं किक पॅनेल (पायाजवळचं बाजूचं कव्हर) काढलं, कार्पेट उचललं, तर बॉडीवरचा अर्थ पॉइंट हिरवागार. वायरच्या तांब्यातसुद्धा हिरवं चढलेलं. ती चार इंच वायर कापून टोकाला नवी लग (बोल्टखाली बसणारी कडी) लावली, पॉइंट पत्र्यापर्यंत घासून ग्रीस लावलं. तो दिवा परत लागला नाही. मालकाचे तोवर किती पैसे गेले होते ते त्यानं सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं. तुम्ही गाडी सेकंडहँड घेतली असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी चिखलाचा डाग आहे का बघा. बुडालेली गाडी तिथे पकडली जाते.

बॅटरीचंही तपासून घ्या, कारण तुम्ही ती बदललीय. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना १० च्या फार खाली नाही, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत सेन्सर आपला मध्य विसरतो. त्यासाठी सहसा स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की तो परत शिकतो. तुमचा त्रास बॅटरीनंतर सुरू न होता पाच-सहा आठवड्यांनी, सस्पेन्शनच्या कामानंतर झालाय, म्हणून मी बॅटरी मागे ठेवली.

क्लॉक स्प्रिंगबद्दल दोन शब्द. स्टेअरिंगच्या आत गुंडाळलेली ही चपटी केबल हॉर्न, एअरबॅग आणि स्टेअरिंगवरच्या बटणांना जोडते, आणि अनेक गाड्यांत अँगल सेन्सर तिच्याच डब्यात असतो. हॉर्न वाजेनासा झाला, एअरबॅगचा दिवा आला आणि सोबत ईएससीचा दिवा, अशी तिन्ही लक्षणं असतील तर मी सरळ तिथेच जातो. तुमच्याकडे फक्त ईएससी आहे. एबीएसचा दिवाही सोबत पेटत असता तर व्हील स्पीड सेन्सरकडे आधी गेलो असतो, विशेषतः लोअर आर्मचं काम करताना ती वायर ओढली जाण्याची शक्यता असते म्हणून. चाकांचे चार वेग लाइव्ह डेटात बघाच.

अलाइनमेंट दुरुस्त झाल्यावर झिरो सेट करायचा. सपाट जमीन, हवा सारखी, गाडीत सामानाचा ढीग नको. ताशी २०-३० नं ५० मीटर सरळ जा आणि स्टेअरिंगला धक्का न लावता हळूच थांबा. थांबल्यावर हात काढा. मग स्कॅनरमधून स्टेअरिंग अँगल कॅलिब्रेशन. काही गाड्यांत जुना झिरो आधी पुसावा लागतो, काहींत यॉ आणि जी-सेन्सरचाही झिरो याच वेळी करायचा असतो. स्कॅनरवर जे लिहून येतं ते पूर्ण वाचून मगच पुढचं बटण दाबायला सांगा.

इथे एक सावधगिरी. अलाइनमेंट न सुधारता नुसतं कॅलिब्रेशन केलं तर स्कॅनर ‘यशस्वी’ म्हणेल, दिवा जाईल, घाटातला त्रासही थांबेल. कारण तुम्ही वाकड्या स्टेअरिंगलाच शून्य म्हणायला शिकवलंत. मग पुढे कधी कुणी प्रामाणिकपणे अलाइनमेंट सरळ केलं की तोच दोष उलट्या बाजूला येईल, डाव्या वळणांवर. शिवाय टायर आणि रॅकचा वाकडेपणा तसाच. म्हणून क्रम बदलू देऊ नका: आधी लोखंड सरळ, मग आकडा सरळ.

त्यानंतरची ट्रायल स्कॅनर लावून घ्या, शेजारी कुणालातरी बसवा. मैदानात ताशी १५-२० नं एक गोल डावीकडे आणि तेवढाच उजवीकडे मारा. दोन्ही गोलांत अँगलचे आकडे आणि यॉचे आकडे, चिन्ह सोडून, जवळपास सारखे यायला हवेत. मग साध्या रस्त्यावर १५-२० किलोमीटर. कोड परत आला नाही तरच घाट, तोही दिवसा, कोरड्या रस्त्यावर, हळू.

आणि हे सगळं करून आलेखात त्याच जागी उडी दिसत राहिली, अर्थिंग-करंट-कॅन ठीक निघाले, तर सेन्सर खरंच गेलाय. तेव्हा १८ हजार खर्च करा, पण आधी दोन गोष्टी विचारून. तुमच्या गाडीत सेन्सर सुटा मिळतो का, की क्लॉक स्प्रिंगसकट, की कॉलमसकट? चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढायला लावा. गाडी तीच असली तरी ईएससीवाल्या आणि बिनईएससीच्या मॉडेलचे डबे बाहेरून सारखे दिसतात. भंगारातल्या गाडीचा जुना पार्ट यासाठी घेऊ नका. नवीन क्लॉक स्प्रिंगला मध्यावर धरून ठेवणारी पिन किंवा पट्टी असते. ती बसवण्याआधी काढली आणि चक्री फिरली तर पहिल्याच पूर्ण वळणात केबल तुटते आणि एअरबॅग निकामी होते. पिन शेवटी काढा म्हणून मी पोरांना दर वेळी सांगतो, तुम्हीही समोर उभे राहून सांगा. नव्या सेन्सरलाही झिरो सेट करावाच लागतो, ते बिलात धरलंय का ते बघा.

उद्या सकाळी चिकटपट्टीचं करून बघा आणि किती सेंटिमीटर फरक आला तेवढं आधी कळवा. सोबत अलाइनमेंटच्या दिवशी मिळालेली कामाआधीची आणि कामानंतरची आकड्यांची प्रिंट असेल तर तिचा फोटो पाठवा. पुढच्या दोन्ही चाकांचा टो डावा-उजवा असा स्वतंत्र लिहिलेला असेल, तर मला आणखी काही विचारायची गरज पडणार नाही.